ऑक्युपेशनल थेरपीला (ओटी) जाण्यासाठी चार वर्षं वापरलेली प्री-हेल्थ ॲडव्हायझिंग सेवा

गुण आधीच सांगून टाकते. पहिल्या दोन वर्षांसाठी पाचपैकी एक, पुढच्या दोन वर्षांसाठी पाचपैकी पाच. आरोग्य क्षेत्रातल्या पुढच्या शिक्षणाची तयारी कशी करायची याचा सल्ला देणारं कॉलेजचं ऑफिस तेच होतं, टेबलापलीकडचं माणूस बदललं. सरासरी काढून तीन लिहिले तर त्याचा कुणालाच उपयोग नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या घरातलं कुणी अमेरिकेत कॉलेजला असेल आणि पुढे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारा थेरपिस्ट, व्हायचं म्हणत असेल, तर हे शांतपणे वाचा. माझी वाया गेलेली दोन सत्रं तुमच्याकडे जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही. मला चुकीचा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी तो वाईट हेतूने दिला नव्हता, आणि अशी ऑफिसं बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असतात. डॉक्टर, डेंटिस्ट, फिजिओ, फार्मसी, ओटी, सगळ्यांसाठी मिळून एकच खिडकी. विद्यार्थ्यांना सेवा मोफत. ऑनलाइन वेळ घ्यायची, अर्धा तास भेटायचं, हातात एक कागद घेऊन बाहेर पडायचं. माझा सगळा अनुभव त्या कागदाभोवती फिरतो.

इथली पद्धत थोडक्यात सांगते, कारण मराठी घरांत हमखास गोंधळ होतो तो इथेच. भारतात बारावीनंतर थेट ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीला प्रवेश घेता येतो. अमेरिकेत तसं नाही. २००७ पासून इथे थेरपिस्ट होण्यासाठीच्या अभ्यासक्रमाला मान्यता मिळते ती पदवीनंतरच्याच, म्हणजे मास्टर्स किंवा डॉक्टरेट. आधीची चार वर्षांची पदवी कुठल्याही विषयात चालते. मी मानसशास्त्र घेतलं. माझ्याबरोबर मास्टर्सला असलेली एक मुलगी चित्रकलेची पदवीधर आहे, आणि हाताला आधार देणारा स्प्लिंट तिच्याइतका सुबक आमच्या वर्गात कुणाला जमत नाही. मात्र पदवी कसलीही असली तरी त्या चार वर्षांत काही ठरावीक कोर्स पूर्ण केलेले लागतात. त्यांना प्रीरिक्विझिट म्हणतात. आणि खरी मेख अशी की प्रत्येक प्रोग्रॅमची यादी वेगळी असते. साधारण सगळीकडे लागतात ते ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसह, स्टॅटिस्टिक्स, विकासाचं मानसशास्त्र, ॲबनॉर्मल सायकॉलॉजी (मानसिक आजारांचा अभ्यास) आणि समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र. त्यापुढे कुणाला मेडिकल टर्मिनॉलॉजी हवी, कुणाला फिजिक्स किंवा किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), कुणाला यातलं काहीच नको.

म्हणजे चांगल्या सल्लागाराचं काम या याद्या आणि तुमची चार वर्षं यांची सांगड घालणं. पहिल्या वर्षी मला जे मिळालं ते हे नव्हतं.

पहिली भेट मला स्पष्ट आठवते. समोरच्या बाईंनी खणातून एक छापील कागद काढला. वर लिहिलं होतं, ‘प्री-पीटी / प्री-ओटी’. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी, दोन्हींना एकच कागद. त्यावर जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, फिजिक्सचे दोन भाग, खाली पेनाने लिहिलेलं ऑरगॅनिक केमिस्ट्री. मी विचारलं, "ओटीलाही हे सगळं लागतं का?" त्या म्हणाल्या, "असलेलं बरं, सगळीकडे चालतं." ॲनाटॉमीबद्दल म्हणाल्या, "ते जड असतं, तिसऱ्या वर्षी घे." मी अठरा वर्षांची होते. मान डोलावली आणि निघाले.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत मला सी प्लस मिळाला. पुढे ज्या सात ठिकाणी अर्ज केला त्यांतल्या एकाही प्रोग्रॅमच्या यादीत ऑरगॅनिक केमिस्ट्री नव्हती. लागतच नसलेल्या विषयाने माझा जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, खाली ओढला. आणि ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, जी सातही ठिकाणी हवी होती, तिसऱ्या वर्षी घ्यायला गेले तर जागा भरलेल्या. आमच्याकडे त्या कोर्सला नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आधी प्रवेश मिळतो, आणि त्याआधी बायॉलॉजीचा पहिला कोर्स झालेला असावा लागतो. हे दोन्ही नियम ऑफिसला माहीत असायलाच हवे होते. शेवटी पहिला भाग तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात मिळाला आणि दुसरा भाग उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, वेगळी फी भरून केला.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याच बाईंनी मला सांगितलं की आता ओटीला मास्टर्स बंद होतंय, फक्त डॉक्टरेट राहणार. ते ऐकून बाबांनी रात्रभर खर्चाचे आकडे मांडले. प्रत्यक्षात झालं होतं असं की मान्यता देणाऱ्या ॲकोट या संस्थेने २०१७ मध्ये तसं जाहीर केलं होतं, २०२७ पासून सुरुवातीची पदवी डॉक्टरेटच असेल म्हणून. पण २०१९ मध्ये तो निर्णय मागे पडला आणि दोन्ही वाटा खुल्या राहिल्या. मला चार वर्षांपूर्वी शिळी झालेली बातमी मिळाली. आरोग्य क्षेत्रात जायला निघालेल्या मुलांना सल्ला देणाऱ्या ऑफिसने इतकं मागे असावं याचं मला आजही वाईट वाटतं. बाबांचा त्या रात्रीचा चेहरा मी विसरलेले नाही.

आता पाच गुणांकडे येते.

तिसऱ्या वर्षी माझी नेमणूक दुसऱ्या सल्लागारांकडे झाली. वयाने मोठ्या, बोलणं हळू. मी माझा जुना कागद पुढे केला. त्यांनी तो उलटा करून बाजूला ठेवला आणि विचारलं, "कुठल्या प्रोग्रॅमना अर्ज करणार आहेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं तयारी करत होते, पण कशाची ते कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "ॲकोटच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी आहे. त्यातून सात निवड. प्रत्येकाचं प्रीरिक्विझिटचं पान छापून आण. पाठ करू नकोस, छापून आण."

पुढच्या आठवड्यात आम्ही टेबलावर सात पानं पसरली. त्यांनी एक मोठा कोरा कागद आडवा धरला, पट्टीने सात उभे रकाने आखले. डावीकडे कोर्सची नावं, वर प्रोग्रॅम. मग एकेक पान हातात घेऊन माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मी वाचत होते, त्या रकान्यांत लिहीत होत्या, आणि मधेच पेन थांबत होतं. "परत वाच. काय लिहिलंय? लाइफस्पॅन?" मी परत वाचलं. विकासाचं मानसशास्त्र, जन्मापासून वार्धक्यापर्यंत. मी केलेला कोर्स होता बालविकासाचा, पौगंडावस्थेपाशी संपणारा. सातपैकी चार ठिकाणी तो चालणार नव्हता. नाव जवळपास सारखं, क्रेडिट तेवढेच, म्हणून मी केव्हाच बरोबरची खूण करून मोकळी झाले होते. त्यांनी चार रकान्यांत लाल गोल काढले आणि म्हणाल्या, "बरं झालं, आत्ताच दिसलं."

त्या एका तासात बाहेर आलेल्या बाकीच्या गोष्टी : दोन प्रोग्रॅमना ॲनाटॉमीची लॅब समोरासमोर केलेली हवी होती, ऑनलाइन चालणार नव्हती. एकाला स्टॅटिस्टिक्स बिझनेस विभागातलं नको होतं. तीन ठिकाणी विज्ञानाचे कोर्स ठरावीक वर्षांपेक्षा जुने चालत नव्हते, आणि ती मर्यादा तिन्हीकडे वेगळी होती. काही ठिकाणी अर्ज करताना एक-दोन कोर्स चालू असले तरी चालत होतं, काही ठिकाणी नाही. यातली कुठलीच माहिती गुप्त नाही. सगळी त्या-त्या पानावर लिहिलेली असते. पण सात पानं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ती दिसत नाही. आम्ही शेवटी ज्या कोर्सच्या ओळीत सातही रकाने भरले होते ते आधी घेतले, एकाच रकान्यासाठी असलेला फिजिक्सचा कोर्स सोडून दिला आणि त्या प्रोग्रॅमच्या जागी दुसरा निवडला. नियोजन म्हणजे काय ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. घड्यांवर फाटलाय, मागून टेप लावली आहे.

त्यांचा दुसरा आग्रह होता क्रमाचा. कुठला कोर्स घ्यायचा एवढंच नाही, कशाच्या आधी घ्यायचा. हा मुद्दा मला आधी पटला नव्हता. तो कुठे पटला ते सांगते, कारण या लेखातलं माझं खरं म्हणणं तेच आहे.

प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणी ऑब्झर्वेशनचे तास लागतात, म्हणजे काम करणाऱ्या थेरपिस्टच्या मागे उभं राहून पाहायचं. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी एका हँड थेरपी क्लिनिकमध्ये जात होते. तिथे एक सुतारकाम करणारे गृहस्थ यायचे. करवतीने मधलं बोट वाकवणारा स्नायुबंध (टेंडन) तुटला होता, शस्त्रक्रियेने जोडला होता. मनगट आणि बोटं किंचित वाकलेली राहतील असा प्लॅस्टिकचा स्प्लिंट हाताच्या मागच्या बाजूने बांधलेला. थेरपिस्ट स्प्लिंटच्या पट्ट्या सोडायच्या, त्यांचं एकेक पेर स्वतःच्या बोटांनी वाकवायच्या आणि सोडायच्या. गृहस्थांना स्वतः मूठ वळायला सक्त मनाई. त्यांनी एकदा नकळत बोट वाकवायला सुरुवात केली तर थेरपिस्टने झटकन त्यांच्या हातावर हात ठेवला. मी वहीत लिहिलं, ‘रुग्णाला हालचाल करू देत नाहीत.’ बस एवढंच. मला वाटलं त्या फार जपून वागताहेत.

दीड वर्षाने, ॲनाटॉमी झाल्यावर, वही उघडली आणि ते वाक्य वाचून कळलं की मी काहीच पाहिलं नव्हतं. नुकता जोडलेला स्नायुबंध सुरुवातीच्या आठवड्यांत इतका कमकुवत असतो की रुग्णाने जोर लावला तर टाका तुटून तो पुन्हा निसटू शकतो. आणि अजिबात हलवलं नाही तर तो आजूबाजूच्या ऊतींना चिकटून बसतो आणि बोट कायमचं आखडतं. म्हणून दुसऱ्याच्या हाताने, मोजून, हलकेच. त्या बाई हालचाल थांबवत नव्हत्या, हालचाल वाचवत होत्या. तो क्षण माझ्यासमोर घडला आणि मी तो चुकीचा लिहून घेतला, कारण ॲनाटॉमी ‘जड असते’ म्हणून पुढे ढकललेली होती.

आता मास्टर्सच्या पहिल्या वर्षी शरीरविच्छेदनाच्या लॅबमध्ये आम्ही तोच स्नायुबंध हातात धरला. बोटाच्या टोकापर्यंत जाणारा खोल स्नायुबंध वरच्या स्नायुबंधाला पडलेल्या फटीतून आरपार जातो. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये चिमट्याने तो उचलून ओढला की तिकडे बोटाचं टोक वाकतं. आम्ही चौघी त्या टेबलाभोवती गप्प उभ्या होतो. मला ते सुतार आठवले. त्यांच्या हातात नेमकं काय तुटलं होतं ते मला तेव्हा माहीत असतं तर किती प्रश्न विचारता आले असते.

म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी बायॉलॉजी पहिल्याच सत्रात आणि ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दुसऱ्या वर्षी घ्यावी, आणि ऑब्झर्वेशनचा निदान अर्धा भाग त्यानंतर ठेवावा. सगळा नको. एखादा आठवडा अगदी सुरुवातीलाही जावं, आपल्याला हे काम आवडतं का ते पाहायला. मी ज्या तीन ठिकाणी गेले, हँड क्लिनिक, प्राथमिक शाळा आणि वृद्धांचं नर्सिंग सेंटर, त्यातल्या शाळेने मला खरं बांधून ठेवलं. पेन्सिल धरता न येणारा एक मुलगा होता. त्याला खुर्ची उंच पडत होती, पाय लोंबकळत होते. थेरपिस्टने पायाखाली एक ठोकळा ठेवला आणि टेबल खाली घेतलं. पेन्सिलीला हातही लावला नाही. त्याची रेघ त्याच दिवशी सरळ झाली असं नाही, पण तो पहिल्यांदा जागेवर बसून राहिला.

ऑब्झर्वेशनच्या बाबतीत ऑफिसने मला जवळजवळ काहीच मदत केली नाही, आणि हे दुसऱ्या सल्लागारांच्या काळातही बदललं नाही. एक जुनी फोन नंबरांची यादी मिळाली, त्यातले निम्मे नंबर बंद. क्षयरोगाची तपासणी, फ्लूची लस, रुग्णांच्या गोपनीयतेचं प्रशिक्षण हे आधी मागतात, त्यात तीन-चार आठवडे जातात, हे कुणी सांगितलं नाही. पहिल्या क्लिनिकने मला दारातून परत पाठवलं. दर वेळी थेरपिस्टची सही आणि तास त्याच दिवशी लिहून घ्यायचे, हेही स्वतःच शिकले. एका ठिकाणच्या थेरपिस्ट नोकरी सोडून गेल्या आणि माझे अकरा तास सहीविना राहिले.

बाकीच्या कोर्सबद्दल फार लिहीत नाही. स्टॅटिस्टिक्स कंटाळवाणं वाटलं होतं, आता दर आठवड्याला संशोधनाचे लेख वाचताना लागतं. ॲबनॉर्मल सायकॉलॉजी घ्याच, फक्त यादीत आहे म्हणून नव्हे. ऑक्युपेशनल थेरपीची मुळं मानसिक आरोग्याच्या कामात आहेत. १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज इथे जी मंडळी जमली आणि या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली, त्यात मनोरुग्णालयात काम केलेले लोक होते. माणसाच्या हाताला अर्थपूर्ण काम मिळालं की मन सावरतं, हा त्यांचा विश्वास. ‘ऑक्युपेशन’ म्हणजे नोकरी नव्हे, माणूस आपला दिवस ज्याने भरतो ते सगळं, हे मला त्या वर्गात उमगलं. समाजशास्त्राचंही तसंच. घरी काळजी घेणारं कोण आहे, त्यांची नोकरी किती तासांची आहे, हे विचारल्याशिवाय दिलेला व्यायाम कागदावरच राहतो.

अर्जाच्या टप्प्यावर मात्र ही सेवा खरंच उत्तम होती. ओटीचे बहुतेक प्रोग्रॅम ओटीकॅस नावाच्या एकाच केंद्रीय पद्धतीतून अर्ज घेतात. तिथे तुम्ही शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका पाठवावी लागते, अगदी एकच उन्हाळी कोर्स केलेल्या कम्युनिटी कॉलेजचीसुद्धा, आणि पडताळणीत आठवडे जातात. आमच्या विद्यापीठात एखादा कोर्स पुन्हा केला की जुनी ग्रेड जीपीएतून वगळतात. ओटीकॅस मात्र दोन्ही प्रयत्न धरते. सल्लागारांनी हे मला वेळेवर सांगितलं, नाहीतर मी ऑरगॅनिक केमिस्ट्री पुन्हा करण्यात एक अख्खं सत्र घालवणार होते. त्याऐवजी त्यांनी मला किनेसिऑलॉजी घ्यायला लावलं. त्यात ए मिळाला आणि आज सांध्यांच्या हालचाली मोजताना तेच कामी येतंय. माझा निबंध त्यांनी तीनदा वाचला. तिसऱ्यांदा एकच वाक्य खोडलं, ‘मला लोकांना मदत करायला आवडते’, आणि समासात लिहिलं, ‘सुतारांचं लिही.’

भेटीची वेळ मिळणं कठीण आहे हेही नोंदवते. ऑगस्ट आणि जानेवारीत तीन-तीन आठवडे थांबावं लागतं, आणि कोर्स बदलण्याची मुदत त्याआधीच संपते. वेळ एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवा. ठरावीक सल्लागार मागता येतात, पण ते फॉर्मवर लिहिलेलं नाही, फोन करूनच सांगावं लागतं. आणि भेटीला जाताना प्रोग्रॅमची पानं छापून न्या. समोर कुणीही असलं तरी तुमच्यापुढे पानं असली की त्यांना खणातला जुना कागद काढता येत नाही.

या डिसेंबरच्या सुट्टीत मी त्या ऑफिसात जाऊन आले. पीटी आणि ओटीचे कागद आता वेगळे केले आहेत. ओटीच्या कागदावर ऑरगॅनिक केमिस्ट्री नाही, ॲनाटॉमी दुसऱ्या वर्षी आहे, खाली ॲकोटच्या यादीचा पत्ता आहे. विकासाच्या मानसशास्त्रापुढे ‘लाइफस्पॅन’ हा शब्द मात्र अजून नाही. मी त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल केला आहे, सोबत माझ्या टेप लावलेल्या कागदाचा फोटो जोडून.